दोन ओळींची ओढ

१० जुलै २०१५ रोजी ‘बाहुबली’ या चित्रपटाचा पहिला भाग प्रदर्शित झाला आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं एक प्रश्न चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत फिरत राहिला. कटप्पाने बाहुबलीला का मारलं? उत्तर मिळालं ते थेट २८ एप्रिल २०१७ ला, दुसऱ्या भागात. तोवर पहिला भाग न पाहिलेल्यांनाही हा प्रश्न तोंडपाठ झाला होता.

पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रसंगात कथेने खरं तर फारसं काही लपवलंच नव्हतं. बाहुबली मेला हे सांगितलं. कोणी मारलं तेही सांगितलं, आणि खुद्द मारणाऱ्याच्या तोंडून सांगितलं. एरवी रहस्यकथेत खुनी कळला की पुस्तक मिटायची वेळ होते. इथे खुनी कळला आणि तिथूनच ओढ सुरू झाली. एवढं सांगून टाकल्यावर उत्सुकता ओसरायला हवी होती. ती चढली कशी?

फँटसी गेम लिहिणाऱ्यांच्या पुढ्यात हा प्रश्न कायम असतो. गेम बाजारात यायच्या कितीतरी महिने आधी त्याच्या कथेतले दोन-तीन संवाद बाहेर सोडायचे असतात. ऐकणाऱ्याला त्या जगाचं नाव माहीत नसतं, नायक माहीत नसतो, तिथले देव-दानवही माहीत नसतात. तरीही त्या दोन ओळींनी त्याच्या मनात घर करायला हवं. काही ओळींना हे जमतं, बहुतेकींना जमत नाही. जमतं तिथे नेमकं काय घडतं, ते पाहू.

पोकळीला कडा लागतात

जितकं जास्त लपवू तितकी उत्सुकता जास्त, असा एक सार्वत्रिक समज आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९४ साली कुतूहलावर एक विस्तृत निबंध लिहिला आणि या समजाला धक्का दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, यांच्यामधली फट जेव्हा आपल्या स्वतःच्या लक्षात येते, तेव्हा कुतूहल जागं होतं. नुसतं अज्ञान पुरेसं नाही. जगातल्या अगणित गोष्टी आपल्याला माहीत नसतात आणि त्यांच्यावाचून आपली झोप उडत नाही. फट जाणवायची तर तिच्या अवतीभवतीचं बरंच काही माहीत असावं लागतं.

लहान मुलाचा पुढचा दात पडला की त्याची जीभ दिवसभर त्याच जागी जाते. शेजारचे दात जागेवर आहेत म्हणून ती रिकामी जागा जाणवते. तान्ह्या बाळाच्या तोंडात एकही दात नसतो, पण त्याची जीभ काही शोधत बसत नाही. कथेतल्या गुपिताचंही तसंच आहे.

यावर २००९ साली अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेतला एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून सामान्यज्ञानाचे चाळीस प्रश्न दाखवले. प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी विचारल्या : उत्तर जाणून घ्यायची किती इच्छा आहे, आणि आपल्याला उत्तर येतं असं किती वाटतं? उत्तराची पक्की खात्री होती तिथे उत्सुकता कमी होती, हे अपेक्षितच होतं. पण ज्या प्रश्नाचा काहीच अंदाज नव्हता, तिथेही ती कमीच होती. सर्वांत जास्त ओढ मधल्या पट्ट्यात निघाली. उत्तर ओठांवर आहे पण आठवत नाही, असं वाटायला लावणारे प्रश्न तिथे होते. अशा वेळी मेंदूत जो भाग हालचाल दाखवत होता, तोच भाग बक्षीस मिळणार अशी चाहूल लागल्यावरही जागा होतो. उत्तरासाठी थोडा वेळ थांबायला किंवा हातातलं टोकन खर्च करायलाही लोक तयार होते.

आता कटप्पाकडे पुन्हा पाहा. तो राजघराण्याचा निष्ठावान सेवक आहे, हे अडीच तास आपल्या मनावर ठसवलं गेलं होतं. बाहुबली कसा माणूस होता हेही दिसलं होतं. एका बाजूला निष्ठा, दुसऱ्या बाजूला खून. दोन्ही कडा भक्कम, मधला दात गायब. ‘कोणी मारलं’ हेही झाकून ठेवलं असतं तर संशयाला दहा वाटा फुटल्या असत्या आणि ओढ पातळ झाली असती.

> चौकट : चार शब्दांची ओळख
> *टीझर* म्हणजे नुसती चाहूल देणारा अगदी छोटा तुकडा. *ट्रेलर* त्याहून मोठा, गेमची बऱ्यापैकी ओळख करून देणारा. गेम खेळताना मध्येच चित्रपटासारखा प्रसंग उलगडतो आणि खेळाडूने फक्त पाहायचं असतं, त्याला *कटसीन* म्हणतात. रस्त्यावरचा पहारेकरी किंवा बाजारातली बाई जाता-येता एखादं वाक्य टाकते, ते *बार्क*. टीझरसाठी ओळ यांतल्या कुठूनही उचलता येते, आणि कधी कधी ती मुद्दाम नव्याने लिहिलेलीही असते.

निवेदनापेक्षा संवाद का

‘फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात अंधार पसरला होता’ अशी सुरुवात करणारे टीझर खूप असतात. ते कानांवरून जातात, कारण निवेदक आपल्याशी बोलत असतो. आपल्याला सांगणं हेच त्याचं काम असल्यामुळे, योग्य वेळी तो सगळं सांगेल अशी आपली खात्री असते. आपण निवांत बसतो.

संवादात दोन माणसं एकमेकांशी बोलतात आणि आपण बाहेरून ऐकत असतो. त्या दोघांना जे ठाऊक आहे ते ती बोलून दाखवत नाहीत. खऱ्या आयुष्यातही कोणी दाखवत नाही. घरात ‘त्याचा फोन आला होता’ एवढंच कोणी म्हणतं आणि समोरचा गप्प होतो. पाहुण्याला मात्र लगेच कळतं, की इथे काहीतरी आहे. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या व्यवहाराचा पाया दाखवून दिला. ऐकणारा असं गृहीत धरतो की बोलणारा काहीतरी अर्थपूर्ण बोलतो आहे, आणि तो अर्थ लागण्यासाठी जी गोष्ट खरी असायला हवी ती ऐकणारा स्वतःच्या मनाने भरून काढतो. हे आपण इतक्या सहज करतो की करतोय हे कळतही नाही. टीझर-संवाद चालतो तो या सवयीवर.

आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला. असुरांनी धाकट्या भावाला पळवून नेल्यावर त्याला शोधायला निघालेली राजी ही त्याची नायिका. तिची गोष्ट आपल्याला दुर्गा आणि विष्णू यांच्या बोलण्यातून कळत जाते. दोघे वरून तिच्याकडे पाहतात आणि तिच्याबद्दल एकमेकांशी बोलतात. ही रचना मला फार आवडते. देवांनाही या मुलीबद्दल बोलावंसं वाटतं, एवढ्यानेच तिचं वजन वाढतं, आणि कोणालाही आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

तीन वेळा लिहिलेला एक प्रसंग

नुसत्या तत्त्वाने हे पटणार नाही, म्हणून एक प्रसंग रचून पाहू. काल्पनिक जग, नदीचा घाट, संध्याकाळ. होडी चालवणारी एक बाई आणि पलीकडे जाऊ पाहणारा एक माणूस. पहिला प्रयत्न :

— ओरीक्षाच्या सातव्या मण्याला जाग आली आहे. झाल्वरचे पहारेकरी नदी ओलांडतील.
— म्हणजे काळसंध जवळ आला.

यात गूढ भरपूर आहे, पण ऐकणाऱ्याला धरायला काही नाही. ओरीक्षा देवी की डोंगर? सातवा मणी जागा झाला म्हणजे बरं झालं की वाईट? चार अनोळखी गोष्टी एकापुढे एक ठेवल्या की मन हिशेब सोडून देतं. कॅल्टेकच्या प्रयोगात अजिबात अंदाज नसलेल्या प्रश्नांचं जे झालं, तेच इथे होतं. दुसरा प्रयत्न :

— तू माझा भाऊ. वीस वर्षांपूर्वी मला बुडताना वाचवायला तू तुझं नाव या नदीला दिलंस, म्हणून गावात तुला कोणी ओळखत नाही.
— हो, आणि आता ते परत घ्यायला आलोय.

इथे सगळं कळलं. शिवाय बहीण भावाला जे सांगते आहे ते त्याला माहीत असणारच. म्हणजे ती आपल्यासाठी बोलते आहे, हे उघडं पडतं. चोरून ऐकण्यातली सगळी मजा गेली. तिसरा प्रयत्न :

— नाव सांगा, मगच होडी सोडीन.
— नाव नाही माझ्याकडे. या नदीलाच देऊन टाकलं होतं.
— मग परत कशाला आलास, दादा?

शब्द दुसऱ्या प्रयत्नापेक्षा कमी आहेत, पण माहिती थोडीथोडकी नाही. या जगात नदीला नाव देता येतं, हा तिथला नियम कळला. तो पूर्वी इथून गेला होता हे कळलं. दोघं भावंडं आहेत हे कळलं. आणि तो आल्याचा तिला आनंद झालेला नाही, हेही कळलं. या चार कडांच्या मधोमध एकच जागा रिकामी आहे : त्या नदीवर पूर्वी काय घडलं? ऐकणारा लगेच अंदाज बांधू लागतो. त्याचा अंदाज चुकीचा निघाला तरी बिघडत नाही. अंदाज बांधण्याइतपत सामान त्याला मिळालं, हे महत्त्वाचं.

बाईची पहिली ओळ ‘सांगा’वर आहे आणि शेवटची ‘आलास’वर. ओळख पटली तो क्षण कुठेही लिहिलेला नाही. ‘अहो-जाहो’वरून ‘अरे-तुरे’वर घसरण्यातून तो ऐकू येतो. मराठीत टीझर लिहिणाऱ्याच्या हाती आलेलं हे फुकटचं धन आहे. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, एवढ्यावर आपल्याकडे अख्खं नातं उभं राहतं. पण आपल्याकडच्या फँटसी लेखनात बहुतेक पात्रं सरसकट ‘हे वीरा, तू’ अशा एकाच सुरात बोलतात, याचं मला वाईट वाटतं. हाताशी असलेलं सर्वांत धारदार हत्यार आपण म्यानातच ठेवतो.

अनोळखी जग, ओळखीची वस्तू

फँटसीची अडचण इतर कथांपेक्षा वेगळी आहे. पोलिसकथेत ठाणं, कोर्ट, प्रेत म्हणजे काय हे वाचकाला आधीच माहीत असतं. फँटसीत अख्खं जगच नवं, त्यामुळे कडा आणायच्या कुठून? यशस्वी टीझर त्या मानवी नात्यांतून किंवा अगदी साध्या वस्तूंतून आणतात.

‘एल्डन रिंग’ या गेमची घोषणा जून २०१९ मध्ये झाली. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचे हिदेताका मियाझाकी दिग्दर्शक, आणि जगाची पुराणकथा रचायला कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन. पहिल्या ट्रेलरमध्ये खेळ कसा खेळायचा हे जवळपास नव्हतंच. एक हातोडा पडताना दिसतो आणि एक आवाज हळहळून सांगतो, की ते कडं फुटलं, कोणीतरी फोडलं, किंवा कशानेतरी. एल्डन म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हतं. पण कडं सगळ्यांना माहीत आहे, आणि मौल्यवान वस्तू फोडली गेली की पहिला प्रश्न काय येतो तेही. त्यानंतर जून २०२१ पर्यंत, म्हणजे जवळपास दोन वर्षं, नवीन ट्रेलर आला नाही. त्या काळात चाहत्यांनी वाट पाहता पाहता स्वतःच त्या जगातली पात्रं आणि दंतकथा रचल्या. गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला आणि पहिल्या काही आठवड्यांतच १ कोटी २० लाखांहून जास्त प्रती खपल्या. हे यश काही एका ट्रेलरचं नव्हे. त्या स्टुडिओची आधीची पुण्याई मोठी होती. पण दोन वर्षं लोकांना पुरेल एवढं खाद्य त्या मोजक्या ओळींत होतं, हेही खरं.

मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलेली एक आठवण इथे फार बोलकी आहे. लहानपणी ते इंग्रजी फँटसी पुस्तकं वाचायचे, पण सगळी भाषा कळत नसे. जे परिच्छेद सुटायचे ते चित्रांकडे पाहून मनाने भरून काढायचे. पुढे त्यांच्या ‘डार्क सोल्स’सारख्या गेममध्ये कथा अशीच विखुरलेली सापडते : तलवारीच्या वर्णनात दोन वाक्यं, एखाद्या थकलेल्या योद्ध्याच्या तोंडी एक. खेळाडूने ती जोडायची. त्या मुलाला निम्मं पान समजत होतं, म्हणूनच उरलेलं निम्मं रचता आलं.

नात्याचं आणि नीतीचं उदाहरण पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने दिलं. ‘द विचर ३’साठी २०१३ मध्ये आलेल्या ‘किलिंग मॉन्स्टर्स’ या ट्रेलरचा नायक गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षस मारणारा माणूस आहे. वाटेत काही सैनिक एका बाईचे हाल करताना त्याला दिसतात. तो त्यांच्यावर चालून जातो. ‘काय करतोयस?’ असं विचारल्यावर तो उत्तरतो, ‘राक्षस मारतोय.’ समोर तर माणसं आहेत. त्याचा धंदा काय हे आपल्याला ठाऊक असल्यामुळेच ते उत्तर लागतं, आणि या माणसाच्या लेखी राक्षस म्हणजे कोण, हा प्रश्न उघडा राहतो. त्या जगातल्या एकाही राज्याचं नाव माहीत नसलेल्या माणसालाही ते समजतं.

वाट पाहताना मेंदू काय करतो

अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं, हा १९२० च्या दशकातल्या ब्लूमा झायगार्निक यांच्या प्रयोगाचा दाखला या विषयात नेहमी दिला जातो. मी त्यावर फार भार टाकणार नाही. पुढच्या प्रयोगांत तो परिणाम सातत्याने दिसलेला नाही. त्यापेक्षा २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातून आलेला अभ्यास जास्त उपयोगाचा वाटतो. त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या काही सेकंदांत लोकांना अनोळखी चेहरे दाखवले. चेहऱ्यांचा प्रश्नाशी काहीच संबंध नव्हता. तरी ज्या प्रश्नांबद्दल उत्सुकता जास्त होती, त्या वेळी दिसलेले चेहरे नंतर अधिक चांगले ओळखले गेले. उत्सुक मन आजूबाजूचंही टिपून ठेवतं. टीझरमध्ये प्रश्न आधी टाकून गेमचं नाव शेवटी दाखवण्याची पद्धत का टिकली असेल, याचं एक कारण मला इथे दिसतं.

मग गुपित आधीच फुटलं तर मजा जाते का? सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी २०११ मध्ये बारा लघुकथांवर प्रयोग केला, तेव्हा शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट जास्तच आवडल्या होत्या. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष याच्या विरुद्ध निघाले, त्यामुळे सरसकट नियम करता येत नाही. पण शेवट झाकणं हीच एक गोष्ट कथेला तारत नाही, एवढं त्यातून दिसतं. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओने ‘बाल्डर्स गेट ३’चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्येच खेळायला खुला केला होता. पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. जवळपास तीन वर्षं कथेचा मोठा भाग उघड्यावर होता, तरी वाट पाहणारे थकले नाहीत. त्या भागात भेटणारा जवळजवळ प्रत्येक सोबती स्वतःच्या भूतकाळाबद्दल थोडंच बोलतो आणि थांबतो.

गेमची ओळ वेगळी का पडते

सिनेमातला संवाद सगळ्यांना सारखाच ऐकू येतो. गेममध्ये तसं नाही. खेळाडू कोणाला वाचवतो, कोणाशी उद्धट बोलतो, कुठली वाट धरतो यावर पुढचा संवाद ठरतो. एका प्रसंगाच्या पाच आवृत्त्या लिहून ठेवलेल्या असतात आणि एका खेळाडूला त्यांतली एकच भेटते. म्हणून टीझरसाठी अशी ओळ हवी, जी कुठल्याही वाटेने गेलं तरी खोटी पडणार नाही. ‘तूच माझ्या मुलाला मारलंस’ ही ओळ जबरदस्त वाटेल, पण ज्याने त्या मुलाला वाचवलं त्या खेळाडूला फसवल्यासारखं होईल.

दुसरी अडचण नायकाची. अशा बऱ्याच गेममध्ये नायक खेळाडू स्वतः घडवतो : नाव, रूप, पुरुष की स्त्री, सगळं. म्हणून संवादात नावाच्या जागी उपाधी येते. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये नायकाला ‘ड्रॅगनबॉर्न’ म्हणतात, ‘एल्डन रिंग’मध्ये ‘टार्निश्ड’. मराठीत हे आणखी अवघड होईल, कारण आपलं क्रियापदच लिंग सांगून टाकतं. ‘आलास’ म्हटलं की पुरुष, ‘आलीस’ म्हटलं की स्त्री. त्या घाटावरच्या बाईला अशा गेममध्ये बोलायला लावायचं तर दोन ध्वनिमुद्रणं करावी लागतील आणि ‘दादा’च्या जागी ‘ताई’ही लागेल. किंवा ओळच बदलावी लागेल : ‘मग परत कशाला यायचं होतं?’ लिंग गेलं, पण हाकही गेली आणि तिच्याबरोबर नातंही. अशा वेळी मी दोन ध्वनिमुद्रणांचा खर्च करावा असं म्हणेन.

ओळ बाहेर सोडण्याआधी

आता मराठी मुलं-मुलीही स्वतःचे गेम लिहू लागली आहेत, त्यांच्यासाठी थोडं. ज्याने तुमची कथा अजिबात ऐकलेली नाही अशा माणसाला संवाद वाचायला द्या आणि ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘आता काय जाणून घ्यावंसं वाटतं?’ एवढंच विचारा. ‘या शब्दाचा अर्थ काय?’ असं उत्तर आलं तर कडा कमी पडल्या. एखादं विशेषनाम काढून त्या जागी आई, कर्ज, शपथ, दार असं काही ओळखीचं घाला. ‘काही नाही, छान आहे’ असं आलं तर तुम्ही सगळं सांगून टाकलंय. शेवटची ओळ खोडून पुन्हा दाखवा. तीन वेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच प्रश्न विचारला, तर ओळ तयार आहे. मात्र त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गेममध्ये खरोखर असलं पाहिजे, आणि खेळाडूला ते मिळेपर्यंत फार तर पहिला अंक संपावा. नसेल, तर आधी कथा दुरुस्त करा आणि टीझर नंतर काढा.